वावरातला धूर

आधार आबा मूळचेच हट्टी. त्यात सरकारी अनुदानाची भर पडली आणि आमचं जगणं अवघड झालं. शिरपूरजवळच्या आमच्या गावात विषारी फवारणी सोडून सेंद्रिय शेती करणाऱ्यांचा गट त्यांनीच उभा केला. कपाशी निघाली की पऱ्हाट्या, म्हणजे तिची वाळकी झाडं, वावरात पेटवायच्या नाहीत, कुजवून खत करायचं, अशी अनुदानाची अट. कुणाच्या बांधावर धूर दिसला की आबा काठी टेकत हजर.

आम्ही शेजारी गटात आलो ते अनुदानासाठी, खोटं कशाला बोलू. आबांचं कारण घरात होतं. त्यांची बायको सुगंधाअक्का एकदा फवारणीच्या वेळी वावरातच कोसळल्या. तेव्हापासून औषधाच्या नुसत्या वासानंही त्यांना धाप लागायची. शेजारी पंप सुरू झाला की आबा वाऱ्याची दिशा बघायचे, अक्कांना घरात बसवून दार लावायचे. उभा जन्म कपाशी वेचलेल्या बाईनं वावराची वाट सोडली होती. आजूबाजूची फवारणी थांबली तरच त्या परत येणार, आणि अनुदान हुकलं तर आम्ही पुन्हा पंप पाठीवर घेणार, हे आबा ओळखून होते.

हिवाळ्यात कृषी सहायक सपना मॅडम तपासणीला येणार होत्या. पाहुणा वावरात येणार आणि भरीत नाही, हे खानदेशात कसं चालेल? आबांनी भीत भीत अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी येसू, पन भरीत मीच करसू."

तपासणीच्या सकाळी अक्का वावरात आल्या तेव्हा आबांचा चेहरा बघण्यासारखा होता. भरताची वांगी पऱ्हाट्यांवरच भाजायची, ही आमची रीत. आबांनी स्वतः मोळी आणली, स्वतः काडी लावली, आणि आम्ही सगळे जिभल्या चाटत बसलो. मॅडमची स्कूटी बांधाशी थांबली तेव्हा वावरात मस्त धूर निघत होता. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला.

आबा हात जोडून पुढे झाले. "मॅडम, काडी मी लावी. ती वावरमा उनी नि मी बठ्ठं भुली गऊ. मनं नाव काढी टाका, पन गट ऱ्हाऊ द्या."

मॅडम वावर फिरून आल्या. पऱ्हाट्या ढिगात कुजत होत्या, जळल्याचा डाग कुठेच नव्हता. मग त्या विस्तवापाशी बसल्या. "आबा, अट वावर न पेटवण्याची आहे. स्वयंपाकाला कोण नाही म्हणतं? वांगी फिरवा, करपतील."

आबा रडले. धुराचं निमित्तही केलं नाही.

आता गटाला पऱ्हाट्यांची कुट्टी करणारं यंत्र मिळालंय. त्यात घालण्याआधी आबा एक मोळी भरतासाठी बाजूला ठेवतात. अक्का रोज वावरात असतात. परवा वारा सुटला तसे आबा सवयीनं थांबले, दिशा बघितली, आणि पुन्हा अक्कांच्या शेजारच्या ओळीत कपाशी वेचू लागले.