नापास तारे

आमच्या वहिनींना दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत कुणावरच भरवसा नाही. भाऊने पहिल्याच भेटीत लग्नाला होकार दिला, तेव्हा यात काहीतरी काळंबेरं असणार म्हणून त्या त्याच्या ऑफिसात जाऊन चौकशी करून आल्या होत्या. अशा बाईला कॅमेऱ्यावर पाळत ठेवायचं काम मिळालं, हे आमच्या वेधशाळेचं नशीबच म्हणायचं.

कॅमेरा अवकाश दुर्बिणीवरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश टिपणारा. तो वर राहून मंदावतोय का हे कळायला, ज्यांचं तेज बदलत नाही असे तारे त्याला पुन्हा पुन्हा दाखवायचे. ते अंधुक दिसू लागले तर दोष कॅमेऱ्याचा. मी शेजारच्या खोलीत बसतो. माझा एक तारा वर्षानुवर्षं मंद होत चालला होता आणि त्याच्यावरचा लेख छापायला गेला होता. कॅमेरा ठणठणीत आहे, हा वहिनींचा निर्वाळाच त्या लेखाचा आधार.

एके दिवशी वहिनी आपल्याच आलेखाकडे डोळे बारीक करून बघत बसल्या. कॅमेऱ्याची रेघ अगदी सरळ, आडवी होती. इतकी वर्षं झाली आणि जराही झीज नाही, हे त्यांना पटेना. आधी त्यांनी संगणकवाल्यांना धारेवर धरलं. मग मला विचारलं, आकड्यांना तुम्ही हात तर लावला नाहीत ना? मला राग आला, पण वहिनींशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?

शेवटी संशय स्वतःवर आला. एखादा तारा मंद दिसला की 'हाच लबाड, याचंच तेज बदलतंय' म्हणून त्या त्याला मोजणीतून काढून टाकत. उरत ते फक्त कॅमेऱ्याची बाजू घेणारे. आता त्यांनी सगळे नापास तारे एकत्र मांडले. सगळे एकाच गतीने मंदावलेले. इतक्या लांबलांबचे तारे संगनमत करणार कसे? माझाही तारा त्याच गतीने उतरत होता.

संध्याकाळी जेवताना त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा तारा आहे तसाच आहे. कॅमेरा मंदावलाय, आणि मी त्याला पाठीशी घातलं."

लेख छापून येईपर्यंत थांबलं तर नाही का चालणार, असं मी जमेल तितक्या सहज विचारलं.

"सकाळीच कळवलंय सगळ्यांना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही हे विचाराल, असा संशय होता मला."