आक्कांची नदीकाठची सवत

माझ्या थोरल्या मेहुणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. त्यांनी सारी हयात लाँड्रीत काढली, आधी दुसऱ्याच्या आणि मग स्वतःच्या. कपडा हातात आला की तो धुवायचा, खळ घालायची आणि कडक इस्त्री करायची, ही त्यांची रीत. त्यांच्या घरातले हातरुमालसुद्धा भिंतीला टेकवले तर उभे राहतील. जीभही तशीच तापलेली. कोणाला कधी चटका बसेल याचा नेम नसे.

माझे साडू बसचालक होते. भारी बोलघेवडा माणूस. गाडी चालवताना मागच्या बाकावरच्या प्रवाशाशीही गप्पा मारायचे. निवृत्त झाल्यावर ते नदीकाठच्या अभयारण्यात मदतीला जाऊ लागले आणि तिथे क्रौंचाचे एक पोरके पिल्लू त्यांच्या वाट्याला आले. अशा पिल्लाला माणसाची सवय लागली तर ते पुढे रानात टिकत नाही. म्हणून सांभाळणाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत करडा झगा घालायचा, क्रौंचाच्या मुंडक्यासारखी लाकडी चोच हातात धरून तिनेच मासे भरवायचे आणि तोंडातून अक्षर काढायचे नाही. साडू तिथे दिवसभर गप्प राहत. हळूहळू घरीही गप्प राहू लागले.

आक्कांना हे सलत होते.

"माझी सवत नदीकाठी राहते," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "इतक्या वर्षांच्या संसारात मला कधी एक घास भरवला नाही यांनी. तिला मात्र चोचीनं भरवतात."

"अगं आक्का, पाखरू ते."

"सवत ती सवत. पिसं असली म्हणून काय झालं?"

पिल्लू मोठे झाले. त्याला दूरच्या पाणथळीत, त्याच्या जातीच्या थव्यात सोडायचे ठरले. पण त्याआधी त्याने झग्याच्या मागे नदीत उतरून आपला मासा आपण धरायला हवा होता. ते जमले नाही तर जन्मभर जाळीत राहणार. तो दिवस बघायला साडूंनी आम्हाला बोलावले. आक्काही आल्या. "एवढं काय आहे तिच्यात ते बघू तरी," म्हणाल्या.

नदीकाठी एक लाकडी खोली होती. ओल्या फळ्यांचा वास, भिंतीला लावलेले गमबूट, एक बाक आणि बाहेर बघायला आडवी फट. साडूंचा झगा आक्कांनी आदल्या दिवशी घरी नेऊन धुतला होता. पिशवीतून काढून त्यांनी तो पुढे केला. उलगडताना तो कागदासारखा करकरला.

"अगं, खळ घातलीस?"

"मग? लोकांसमोर चुरगळलेला घालून जाणार होतात?"

वाद घालायला वेळ नव्हता. साडू झगा चढवून बाहेर गेले. त्यांनी एक पाऊल टाकले, झगा वाजला. पिल्लाने मान उंच केली. दुसऱ्या पावलाला ते मागे सरले, तिसऱ्याला थेट लव्हाळ्यांत पळाले. साडू चोच पुढे धरून बराच वेळ उभे राहिले. पिल्लू काही आले नाही.

तेव्हा अभयारण्यातल्या बाई आपला जुना, मऊ झगा घालून पलीकडच्या दाराने गेल्या. पिल्लू धावत आले आणि त्यांच्या झग्यात डोके खुपसून उभे राहिले.

साडू आत येऊन बाकावर बसले.

"कोणाच्याही मागे जातं," ते म्हणाले. "एवढे दिवस भरवलं कोणी?"

आम्ही फटीतून पिल्लाकडे बघत होतो. आक्का नवऱ्याकडे बघत होत्या.

"जळतंय ना?" त्यांनी विचारले. "मला रोज जळतं."

साडूंनी फटीतून बाहेर पाहिले. मग म्हणाले, "बाईंचा गुडघा दुखावलाय, त्यांना पाण्यात उतरता येत नाही. त्यांचा झगा मला होत नाही. आज हे पाण्यात गेलं नाही तर जन्मभर जाळीतच राहील गं."

आक्का उठल्या. नवऱ्याच्या अंगावरून झगा ओढून काढला, खोलीमागच्या नळाखाली धरला आणि सगळी खळ निघेपर्यंत चोळला. ज्या हातांनी जन्मभर खळ घातली, ते हात ती काढताना मी पहिल्यांदाच पाहिले. पिळून त्यांनी तो परत दिला.

"घाला. सर्दी झाली तर मला सांगू नका."

ओला झगा वाजला नाही. पिल्लू आधी थबकले, मग मागोमाग निघाले. साडू गुडघाभर पाण्यात गेले आणि लाकडी चोच पाण्यात बुडवून दाखवू लागले. पिल्लानेही बुडवली. दोनदा रिकामी वर आली. मग तिच्यात काहीतरी चमकले, वळवळले आणि घशाखाली गेले.

माझ्या बायकोने माझा हात दाबला. आक्का फटीला डोळा लावूनच म्हणाल्या, "बघ कसे बेतानं चालतात तिच्यासाठी. माझ्याबरोबर बाजारात आले की मी गल्लीत, हे चौकात."

साडू निथळत आत आले. "पाहिलंस?"

"पाहिलं. झग्याच्या मागं आलं ते. तुमच्या नाही."

"ठाऊक आहे. पण झग्यात मीच होतो ना."

आक्कांनी त्यांच्या अंगावरचा ओला झगा उतरवून घेतला आणि पिळून पिशवीत ठेवला.

निघताना बाई म्हणाल्या, आणखी एक पोरके पिल्लू यायचे आहे, माणसे कमी पडताहेत.

"मी येते," आक्का म्हणाल्या.

"तुला गप्प बसावं लागेल," साडू म्हणाले.

"बसेन की. तुम्ही दोघं इथं न बोलता काय करता, ते तरी कळेल." मग त्या बाईंकडे वळल्या. "तुमचा झगाही द्या. धुऊन आणते."

"खळ न घालता," साडू घाईने म्हणाले.

"बघू," आक्का म्हणाल्या आणि झगा पिशवीत कोंबला.