नंबर कार्डावरचा, नाव मनातलं

"आबा, मी काय करू, तुमीच सांगा. डोळ्याच्या डॉक्टरचा फारम म्या भरलाय, तारीखच आली न्हाय. आठ दिस तबकडीवर ढग बसल्यात."

एवढं बोलून सिगांगनं संगणकाच्या पडद्याकडं तोंड फिरवलं. बाकड्यावर बसलेल्या पुन रिबुह आबानं मान डोलावली. ढगाला कोण काय करणार, म्हणाला. पानात बांधलेला मऊ भात त्यानं तिच्या टेबलावर ठेवला आणि काठी टेकत निघून गेला.

ढग-बिग काही नव्हतं. आठही दिवस आभाळ धुतल्यासारखं होतं.

आमच्या डोंगरात माणसाचं नाव दोनदा बदलतं. पहिलं लेकरू झालं की एकदा, नातवंड झालं की पुन्हा. डुक्कर पडतं, गाव जेवतं, नवं नाव चारचौघांत पुकारतात. त्यानंतर कुणी जुन्या नावानं हाक मारली तर ते अंगावर थुंकल्यासारखं. सिगांगला लेकरू नाही, म्हणून तिशी गाठली तरी ती बारशाच्याच नावावर. बाया त्यावरून टोचतात, पण टोचून झालं की तिच्याच दारात येऊन बसतात. कारण गावाचं संगणक केंद्र तिच्या हातात. उन्हावर चालणाऱ्या चार मशिनी, टेकाडावर इंटरनेट पकडणारी एक तबकडी. शाळेचे अर्ज, विमानाची तिकिटं, खाली शहरात गेलेल्या पोरांची तोंडं बघणं, सगळं तिथंच. अर्धं गाव तिच्या बोटांनी लिहितं.

वर्षातून एकदा डोळ्याचे डॉक्टर हेलिकॉप्टरनं वर येतात. त्यांच्याकडं रोग्यांची यादी केंद्रातूनच जाते. आबाचा उजवा डोळा मोतीबिंदूनं दुधासारखा झालेला, डावा त्याच वाटेवर; आभाळात ढग आहे की नाही हेही त्याला कळत नाही. त्यानं सरकारी ओळखीचं कार्ड पुढं केलं. सिगांगनं नंबर कार्डावरून उतरवला आणि नाव मनातून. पुन रिबुह. त्या नावाच्या जेवणात ती स्वतः नाचली होती. कार्डावर तरुणपणचं कुठलं नाव लिहिलंय हे बघावं, असं तिच्या डोक्यातही आलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, नंबर आणि नाव जुळत नाही, आठवड्यात दुरुस्त करा. तो आठवडा केंद्राला कुलूप लावून ती मावशीच्या भातकापणीला गेलेली. येऊन उत्तर उघडलं तर यादी बंद. दोनदा हातापाया पडून लिहिलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले.

आता हे म्हाताऱ्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? ढगावर ढकललेलं बरं. ढग काही भांडायला येत नाही.

तो भात तिनं कुत्र्याला घातला. कुत्रं शेपूट हलवत पान चाटत राहिलं, आणि तिला तिथं उभं राहवेना.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडलं तर एकाही मशिनीवर नेट येईना. गावातली सिनाह बालांग पोराच्या शाळेचा अर्ज घेऊन दारात उभीच होती. मागच्या टेकाडावरून कोयत्याचे घाव ऐकू येत होते. दोघी चढून गेल्या. वर पुन रिबुह आबा बांबू तोडत होता. तबकडीच्या तोंडापुढचं अर्धं बेट आडवं केलं होतं. आणि बांबूबरोबर तबकडीच्या काळ्या वायरीचेही दोन तुकडे केले होते.

सिनाह बालांगनं कमरेवर हात ठेवले. "आबा, बांबू तोडताय का आमचं नशीब? पोराचा अर्ज आज जायाचा हाय."

म्हाताऱ्यानं तुकडा डोळ्याजवळ नेला, बोटांनी चाचपला. "वायर व्हय ही? मला वेल वाटली गं. ढग काय माझ्यानं हलत न्हाईत, म्हटलं बांबू तरी हलवावा. माझी तारीख अडली ती अडली, दुसऱ्याची तरी अडाय नको." मग ओशाळून म्हणाला, "चुकलंच माझं."

ते शेवटचं सिगांगला सोसलं नाही.

"आबा, ढग नव्हतं."

"म्हंजी?"

"फारमावर म्या तुमचं आत्ताचं नाव घातलं. कार्डावर जुनं हाय. त्यांनी परत धाडलं, तवा मी कापणीला. चूक माझी, आन् ढगाचं खोटं बी माझंच."

म्हातारा तोडलेल्या बांबूवर बसला. कोयत्याच्या धारेवरून त्यानं अंगठा फिरवला.

"मग आता?"

"पुढल्या साली पयला फारम तुमचा."

"तवर डावा ऱ्हातुय का?"

सिगांगनं वायरीचं तुटलेलं टोक उचललं.

"भात तरी गोड लागला का?"

"कुत्र्याला घातला, आबा."

"बरं केलंस. कुत्रं ढगाचं नाव तरी सांगत न्हाय."

मग म्हाताऱ्यानं घसा खाकरला. "लिव. कार्डावरचं नाव, बाये लाबो." हे नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. "लई सालं तोंडात घेतलं न्हाय. त्यो गडी तरणा हुता. डोळं धड हुतं त्याचं."

तिनं खिशातलं पेन काढून ते तळहातावर लिहिलं. मग वायरीची टोकं दातांनी सोलली. म्हाताऱ्यानं दोन्ही टोकं धरली, तिनं आतल्या तारा पिळून चिकटपट्टी गुंडाळली. चालेल तोवर चालेल.

खाली येऊन तिनं मशीन लावली. नेट आलं. सिनाह बालांगनं अर्ज पुढं सरकवला आणि पोराचं नाव सांगायला लागली.

"सांगू नगंस," सिगांग म्हणाली. "कार्ड दाव."

आणि कार्डावर बोट ठेवून ती एकेक अक्षर टाइप करायला लागली.