सुंगटां बाधली तुका

ही गोष्ट सांगताना अजून तोंड लपवावंसं वाटतं. नवी सून आमच्याच जिल्ह्यातल्या, पण समुद्रापासून आत असलेल्या नांदगावची. लग्नाला पंधरा दिवसही झाले नव्हते आणि तिच्या हातांवर, मानेवर लाल गांधी उठल्या. मी बघितल्यासारखं केलं आणि निकाल दिला, "सुंगटां बाधली तुका. पित्त उठला." त्याच खाटेवर झोपणाऱ्या मुलाच्या अंगावर काही नव्हतं, मग तर माझी खात्रीच पटली. आतल्या गावच्या माणसांना वेंगुर्ल्याची कोळंबी कुठली सोसायला, असं बहिणीला फोनवरही ऐकवलं. सुनेला हातांना लावायला आमसुलाचं पाणी दिलं आणि तिच्या ताटातली मासळी बंद केली. आठवडाभर आम्ही कालवण भुरकत होतो आणि ती आमच्यासमोर डाळभात खात होती.

पित्ताच्या गांधी काही तासांत विरतात. हिच्या मात्र जिथल्या तिथे, तीन-तीन एका ओळीत, खाजवून काळ्या पडलेल्या, आणि झाकलेल्या अंगावर एकही नाही. सगळं दिसत होतं, मीच बघत नव्हते. शेवटी गादी उन्हात घालायला उचलली, तर शिवणीत ढेकूण. मुलालाही चावत असणार, पण काहींच्या अंगावर ते उमटतच नाही. लग्नाच्या पाहुण्यांसाठी मांडववाल्याकडून आणलेल्या गाद्या मीच त्या दोघांच्या खोलीत रचून ठेवल्या होत्या.

"ढेकूण आसत गो," मी खाली बघतच म्हटलं.

"माका पयल्याच दिवशी कळलेला, आई," ती म्हणाली. "पण तुमच्या घरात ढेकूण आसत, असा नवी सून कशी सांगतली?"