श्रावणात मार बंद

मंडळी, दुपारपासून डोकं सुन्न झालंय. समुद्रपूरजवळच्या एका गावातून आत्ताच पिपरीला घरी आले आणि चहाही न घेता हे लिहितेय.

आमचा बायकांचा गट गावोगावी सभा घेतो. विषय एकच, धर्म आणि संस्कृतीच्या नावाखाली बायकांना होणारी मारहाण. आज मी सरळच विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला घरी मार बसतो का?"

पुढे बसलेली एक ताई हसून म्हणाली, "आता नाई मॅडम. श्रावण सुरू आहे ना!"

मला कळेचना. मग तिनं अगदी कौतुकानं समजावलं, "आमचे हे लय धार्मिक आहेत. श्रावणात मटन नाई, दारू नाई, अन् माह्यावर हातबी उचलत नाई."

बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. एकीला तर तिचा हेवाच वाटला. म्हणाली, "आमचे हे तं नुसता सोमवार पाळते."

अरे, रागाच्या भरात हात उठतो म्हणता ना? मग हा कसला राग, जो पंचांग बघून येतो? महिनाभर आवरणारा हात वर्षभर का आवरत नाही?

निघताना तीच ताई प्रेमानं म्हणाली, "परवा पोळा आहे, श्रावण संपते. पुरणपोळी खायले येजा मॅडम."

मी म्हटलं, "पोळ्याला नाही, दुसऱ्या दिवशी येते."

तिचं हसू तिथंच थांबलं.

मी जाणार आहे. माझ्यासोबत कोण कोण येतंय?