गुलअंदाम बेगमचा तपास

गफार गिरदावर म्हणजे सरळ माणूस. येडशीकडचे शेतकरी म्हणायचे, "ह्याच्या पाठीला दोरी लावून बांध आखावा." पटवाऱ्यांचे कागद तपासायचे, जमिनी मोजायच्या आणि कुणी साधं वांगं पुढं केलं तरी त्याला ताकीद द्यायची, यातच त्याची निजामाच्या चाकरीतली बावीस वर्षं गेली होती.

दरसाल हुरड्याच्या दिवसांत धोंडीबा नावाचा कुळवाडी पाठीवर पोतं घेऊन त्याच्या दारात यायचा. गफार ओट्यावरूनच गरजायचा, "लाच आणतोस होय रे?" धोंडीबा खाली मान घालून सगळं ऐकून घ्यायचा आणि बोळातनं वळसा मारून मागच्या दारानं पोतं सायराबीच्या चुलीपाशी रिकामं करायचा. सायराबी म्हणजे गफारची बायको. संध्याकाळी गफार मूठमूठ हुरडा खात म्हणायचा, "औंदा बाजारात माल चांगला आलाय." सायराबी नुसतं "हं" म्हणायची.

महायुद्धाचे दिवस आले. जो तो जासूद शोधायला लागला. दहा कोसांवरची बार्शी इंग्रजांची, इकडं निजामाचं राज्य. तहसीलदारानं गफारला बोलावून हुकूम दिला, "येडशीचं स्टेशन आणि बार्शीच्या वाटेवरचा जकातीचा नाका, ह्यांच्या आसपास रियासतीबाहेरच्या कुणी दुसऱ्याच्या आडून जमीन धरली असेल, तर हुडकून काढा. गुपचूप."

गफारला त्या रात्री अभिमानानं जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यानं मिशांना तेल लावलं आणि पटवारी सोमलिंगाचं दप्तर उघडलं. तिसऱ्याच दिवशी घबाड सापडलं. चव्वेचाळीस नंबरचं रान. नाक्याला लागून, इतकं की रानात कुणी खोकलं तर नाक्यावरचा जमादार "कोन हाय?" म्हणून ओरडायचा. ते वाहत होता धोंडीबा. सगळं गाव त्याचंच समजायचं. पण कागदावर लिहिलं होतं: मालक गुलअंदाम बेगम, राहणार बार्शी, इलाखा इंग्रज.

"सोमलिंग, ही बाई कोण?"

सोमलिंगानं चष्मा पुसला. "माज्या वडलांनी लिवलेलं नाव हाय, साहेब. म्या दरसाल नुसतं उतरून काढतो. वाचत न्हाय."

गुलअंदाम बेगम! नावाला अत्तराचा वास होता. गफारच्या डोळ्यांपुढं एक उंच, गोरी, हातात दुर्बीण घेतलेली बाई उभी राहिली. त्यानं तडक धोंडीबाला चावडीवर बोलावलं.

"तुझी मालकीण कशी दिसते?"

धोंडीबा गडबडला. मालकिणीनं त्याला शपथ घातली होती, साहेबांपुढं एक अक्षर काढायचं नाही. आणि साहेब तर स्वतःच विचारत होते!

"अंगानं थोराड हायत," तो भीत भीत म्हणाला. "आवाज म्हणाल तर खणखणीत."

"स्टेशनाकडं नजर असते का तिची?"

"असती की. बार्शीची गाडी कवा येती त्ये इचारत्यात."

गफारनं लिहून घेतलं: गाड्यांच्या वेळांवर पाळत. "आणि नाक्याकडं?"

"नाक्यावरच्या जमादाराची शेळी रानात घुसती. तिच्यापायी दोनदा भांडल्या."

गफारनं लिहिलं: सरकारी अंमलदाराशी उघड वैर.

"लई जहाल बाई दिसते," तो पुटपुटला.

"आता म्या काय बोलावं, साहेब," धोंडीबा म्हणाला. "तुमास्नी माज्यापरीस जास्त म्हायीत."

गफारनं लिहिलं: इसम उत्तर टाळतो.

बाई दर पौषात एकदा रान बघायला येते, एवढं मात्र कळलं. येत्या गुरुवारी येणार होती. गुरुवारी गफारनं सायराबीला सांगितलं, "आज मला यायला उशीर होईल. सरकारी काम आहे." सायराबी खूश झाली. "सावकाश या," ती म्हणाली.

दुपारी बाराला गफार त्या रानातल्या कडब्याच्या गंजीत शिरून बसला. खबर लागल्यामुळं तहसीलदारसाहेबही मजा बघायला बाभळीमागं उभे राहिले. कडबा गफारच्या मानेत टोचत होता, नाकात धूळ जात होती. पण माणूस हलला नाही. अखेर एक बैलगाडी आली. बुरखा घातलेली एक बाई खाली उतरली, कंबरेवर हात ठेवून तिनं आधी स्टेशनाकडं पाहिलं, मग नाक्याकडं. जासूदच! गफारनं गंजीतून उडी मारली.

"गुलअंदाम बेगम! सरकारच्या नावानं सांगतो, जागची हलू नका!"

बाईनं बुरखा वर केला. सायराबी होती.

"अजी, तुमी?" ती म्हणाली. "कडब्यात काय करलालाव?"

गफारच्या मिशीत कडब्याची पात अडकलेली, ती वर-खाली होत होती.

"आणि हे नाव तुमाला कुणी सांगितलं?" सायराबी भडकली. "माझी दादी मेल्यापासनं कुणाची टाप न्हाय मला त्या नावानं हाक मारायची!"

मग सगळं बाहेर आलं. ती जन्मली तेव्हा बार्शीत तिच्या नावावरून आजीचं आणि बापाचं भांडण झालं होतं. बापानं सायरा ठेवलं. आजीनं हट्टानं स्वतःला आवडलेलं गुलअंदाम ठेवलं आणि आपलं येडशीचं रान त्याच नावानं नातीला बक्षीस लिहून दिलं. गावानं, काझीनं, नवऱ्यानं सायराच म्हटलं. कागद तेवढा आजीचं ऐकत राहिला.

"मग इतकी वर्षं मला सांगितलं का नाही?" गफार कळवळून म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुमी दर शुक्रवारी येऊन मोजलं असतं."

बाभळीमागं तहसीलदार हसून हसून खाली बसले होते. पण गफारला हसू येईना. गुन्हा तो गुन्हा. त्यानं रीतसर अहवाल लिहिला: नाक्यालगत परक्या मुलखातली बाई आढळली, सदर बाई ही माझी बायको. खाली सही केली आणि आता आपली नोकरी गेली म्हणून दोन दिवस दाढी केली नाही.

तहसीलदारानं उत्तर पाठवलं की बाई लग्नानं रियासतीतली झाली आहे. फक्त तिच्या चालचलणुकीची चौकशी करून गिरदावरानं दाखला द्यावा.

गिरदावर म्हणजे गफारच. त्यानं आपल्याच घराची कडी वाजवली, ओट्यावर बसला आणि दौत उघडली.

"बाईची वागणूक कशी आहे?"

"नवऱ्याला इचारा," सायराबी तांदूळ निवडत म्हणाली.

"सरकारशी वाकडं आहे का?"

"सरकारशी न्हाय. सरकारी शेळीशी हाय."

गफारनं बराच वेळ टाक चावला आणि लिहिलं: वागणूक ठीक. जीभ तिखट. राज्यास धोका नाही.

दाखला झाला तशी सायराबी म्हणाली, "आता साखळी आणा. समदी हैदराबाद रियासत मोजलीत, माझंबी रान मोजा."

गफारनं मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, कपाळावरचा घाम पुसला. नाक्याचं अर्धं छप्पर, जमादाराची खाट आणि शेळीची दावण सायराबीच्या बांधाच्या दीड हात आत होती.

"राहू दे," तो हळूच म्हणाला. "सरकार आहे ते."

"बावीस वर्षं लोकाच्या बांधाला काठी लावलीत," सायराबी म्हणाली, "तवा कुणाला 'राहू दे' म्हटलंत?"

गफारनं शेरवानी घातली, नोटीस लिहिली आणि स्वतःच्या हातानं नाक्यावर नेऊन दिली. जमादारानं ती उलटी धरून वाचली, सुलटी धरून वाचली.

"गिरदावरसाहेब, मी नाका हलवू?"

"दीड हात," गफार म्हणाला. "आधी शेळी हलवा."