थांबलेल्या पाण्यातल्या होड्या

“मावशी, खिडकी उघडा. मासळीचा वास सुटलाय.”

सर एवढंच म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. ते हसू अजून माझ्या कानात मुक्कामाला आहे, बघा.

सत्त्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या प्रयोगशाळेची झाडलोट करायची. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी निवडायची, मग कॉलेज. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मुलांनी टाकलेल्या वह्यांतून.

त्या दिवशी सरांनी फळ्यावर एक आडवी, सपाट रेष काढली. म्हणाले, काही पदार्थांत इलेक्ट्रॉनची ऊर्जा अशी सपाट असते, त्यांना वेगच उरत नाही. मग त्यांचं एकमेकांशी वागणंच मोठं होऊन बसतं, नि वीज भलत्याच तऱ्हेने वाहते. मला एकदम आमची खाडी दिसली. झाडू हातातच. विचारलं, सर, हे नांगरलेल्या होड्यांसारखं का? पाण्याला ओढ असते तोवर सगळ्या एका दिशेला ताणलेल्या, कोणी कोणाला शिवत नाही. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबलं, की एकमेकींना धडकायला लागतात.

उत्तर आलं ते खिडकीचं.

घरी जाऊन आमसुलाने हात घासले. कातडी चुरचुरेपर्यंत. रोज घासायची. चार माणसांत उभं राहायचं म्हटलं की आधी हात हुंगायची.

मग मुंबईहून पाहुणे प्रोफेसर आले. मला दाराबाहेर उभं केलेलं, चहाचा ट्रे घेऊन. आतून सरांचा आवाज.

“मला एक उदाहरण सुचलंय. भरती जोरात असली, की होड्या एकमेकींवर आपटतात.”

माझं होतं ते. घेतलंन, आणि वर चुकवलंन.

आत गेले. ट्रे टेबलावर ठेवला.

“भरतीला नाही, सर. पाणी थांबल्यावर. मीच सांगितलं होतं तुम्हांला.”

पाहुणे सरांकडे वळले. सर हळूच म्हणाले, “मावशी, खिडकी...”

“वास माझा, उदाहरणही माझं. खिडकी तुम्ही उघडा.”

कोणीच उघडली नाही.

सोमवारपासून मला संडासांच्या कामावर टाकलं. वह्या तिथेही वाचल्या.

आता म्हातारी झाले. अजून कोणी खिडकी उघडली, की हात आपोआप नाकाशी जातो. जातो तर जाऊ दे. पण त्या दिवसापासून आमसूल फक्त कालवणात. हात घासणार नाही. आणि माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकून दाराबाहेर उभी राहणार नाही.